संगणकीय सेवांतील पुनरावृत्त खंड व त्याचे मूळ : बिरवाडी-महाड परिसराच्या संदर्भात

खंडित झालेली सेवा पूर्ववत् चालू करणे आणि ती का खंडित झाली याचा शोध घेणे, ही दोन कार्ये वरकरणी एकच भासली तरी स्वभावतः भिन्न आहेत. पहिल्यास वेग हवा, दुसऱ्यास सवड. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारच्या केंद्रीय संगणक व दूरसंचार संस्थेने सरकारी कार्यालयांकरिता ‘आयटिल’ ही ग्रंथमाला सिद्ध करविली, तेव्हा हा भेद परिभाषेतच रुजला. एकेक बिघाड ही ‘घटना’. अनेक घटनांमागे दडलेले कारण ही ‘समस्या’. आणि कारण उमगूनही ते दूर झाले नसेल, तर तो ‘ज्ञात दोष’. कल्पना तशी जुनीच. टोयोटा कारखान्याचे ताइइची ओनो यांनी 1978 च्या आपल्या ग्रंथात वितळलेल्या फ्यूजचे उदाहरण दिले आहे. एकामागून एक पाच वेळा ‘का’ असे विचारीत गेल्यावर दोष फ्यूजमध्ये नसून वंगणाच्या पंपाला गाळणी नसण्यात आहे, असे तेथे निष्पन्न होते. गाळणी न बसविता फ्यूज कितीही वेळा बदलता येतो, आणि बदलणाऱ्यास प्रत्येक वेळी काम फत्ते झाल्याचे समाधानही मिळते.

बिरवाडी व तिच्या लगतची महाड औद्योगिक वसाहत यांचे व्यवहार गेल्या काही वर्षांत संगणकाच्या जाळ्यावर विसंबू लागले आहेत. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला; त्याच वर्षी ई-वे बिलाची पद्धत आल्याने मालमोटारीचा प्रवासही जाळ्याशी बांधला गेला. अशा ठिकाणी सेवेचा खंड ही केवळ गैरसोय राहत नाही. पावसाळ्यात मात्र तो खंड अपवादाचा नव्हे, परिपाठाचा भाग होऊन बसतो.

25 व 26 जुलै 2005 रोजी महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळून जवळजवळ दोनशे माणसे दगावली. रस्ते तुटले, दूरध्वनी मुके झाले. सोळा वर्षांनी, 22 जुलै 2021 रोजी, तोच क्रम पुन्हा घडला. त्या दिवशी सायंकाळी डोंगरातील तळिये गावी दरड कोसळून ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्या वेळी महाड शहर पाण्याखाली होते, वीज गेलेली होती आणि भ्रमणध्वनीची सेवा कोलमडलेली होती. बातमी बाहेर पोचावयास विलंब लागला. बचाव पथके दुसऱ्या दिवशी गावात पोचली. सेवेच्या खंडाची खरी किंमत काय, हे जाणण्यास याहून अधिक पुराव्याची आवश्यकता नाही.

ओनो यांची प्रश्नपरंपरा येथे लावून पाहिल्यास काय दिसते? मनोरा बंद पडतो, कारण बॅटरी संपते. बॅटरी संपते, कारण वीज परत येत नाही व जनित्रास डिझेल पोचत नाही. डिझेल पोचत नाही, कारण रस्ता पाण्याखाली असतो. येथवर दूरसंचाराचा अभियंता उत्तर देऊ शकतो. यापुढचा ‘का’ त्याच्या खात्याबाहेर जातो. सावित्रीचा उगम महाबळेश्वरी. 23 जुलै 2021 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत तेथे 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. काळ व गांधारी यांचे पाणीही सावित्रीसच मिळते, आणि बाणकोटच्या खाडीतून येणारी भरती थेट महाडपर्यंत चढते. एके काळी महाड हे बंदर होते ते याच भरतीच्या बळावर. त्या दिवशी आषाढी पौर्णिमा एक-दोन दिवसांवर असल्याने भरतीही मोठी होती. पात्रात साचलेला गाळ आणि दासगावजवळचा कोकण रेल्वेचा भराव यांमुळे पाण्याचा निचरा अडतो, असे महाडकर सांगत आले आहेत. 2021 नंतर सावित्रीतील गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले. म्हणजे संगणकीय सेवेच्या एका दोषाचे मूळ, निदान अंशतः, नदीच्या तळाशी होते!

पण संगणकाची नोंदवही, विजेची नोंदवही आणि नदीची नोंदवही या तीन कार्यालयांत तीन ठिकाणी राहतात. प्रत्येकीत ‘घटना’ असते; ‘समस्या’ कोणत्याच एकीत मावत नाही. सेवा चालू झाली की पहिली वही मिटते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण कामगारांच्या कार्यक्षमतेचे माप बहुधा तिथेच घेतले जाते.

अर्थात मूळ सापडले म्हणजे ते उपटता येतेच असे नाही. सह्याद्रीचा पाऊस व समुद्राची भरती यांना आवर घालता येत नाही. हा भाग ‘ज्ञात दोष’ म्हणूनच नोंदवावा लागतो. मात्र तसा तो नोंदविला की मनोऱ्याच्या बॅटरीचे माप बदलते. वीज एरवी किती तास जाते यावर ते ठरविण्याऐवजी, पुराचे पाणी रस्त्यावर किती वेळ उभे राहते यावर ठरवावे लागते. आणि तो आकडा दूरसंचाराच्या वहीत नसून पाटबंधारे खात्याच्या वहीत शोधावा लागतो.