मेंदूच्या गाठीची ‘एमजीएमटी’ तपासणी: अहवाल कसा समजून घ्यावा?

ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा आक्रमक कर्करोग आहे. शस्त्रक्रियेनंतर सहसा रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल दिल्या जातात. हे औषध सर्वांना सारखे लागू पडत नाही. कोणाला किती उपयोग होईल, याचा अंदाज एमजीएमटी तपासणीतून येतो.

तपासणीत काय पाहतात?
टेमोझोलोमाइड कर्करोगाच्या पेशींच्या डीएनएला इजा करते. एमजीएमटी जनुकापासून बनणारे प्रथिन ती इजा दुरुस्त करते आणि पेशी वाचते. जनुकाच्या नियंत्रक भागावर ‘मिथायलेशन’ असेल, तर जणू त्याला कुलूप लागते. दुरुस्ती थंडावते, औषध जास्त परिणाम करते.

‘पॉझिटिव्ह’ म्हणजे वाईट का?
नाही. येथे ‘मिथायलेटेड’ किंवा ‘पॉझिटिव्ह’ ही अनुकूल बाब आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड घेतलेल्यांपैकी मिथायलेटेड गटातील ४६ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. अनमिथायलेटेड गटात हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. हे आकडे गटाचे आहेत, तुमच्या रुग्णाचे भविष्य नव्हे.

‘अनमिथायलेटेड’ आल्यास?
औषध स्वतःहून बंद करू नका. फायदा कमी असण्याची शक्यता असली, तरी प्रभावी पर्याय मोजकेच असल्याने अनेकदा तेच दिले जाते. वयस्कर, अशक्त रुग्णांत मात्र या अहवालाने निर्णय बदलू शकतो: मिथायलेटेड असल्यास फक्त औषध, नसल्यास कमी दिवसांचे रेडिएशन, असा विचार डॉक्टर करू शकतात.

ब्लॉक जपून ठेवा
ही तपासणी रक्तावर नव्हे, तर शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर होते. तो मेणात जतन केलेला असतो. त्याला पॅराफिन ब्लॉक म्हणतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरला शस्त्रक्रिया झाली आणि पुढील उपचार परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात किंवा इतरत्र घ्यायचे असतील, तर ब्लॉक, स्लाइड आणि पॅथॉलॉजीचा अहवाल मागून घ्या. ब्लॉक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळते.

डॉक्टरांना विचारा
• तपासणीसाठी गाठीचा भाग पुरेसा आहे का?
• निकाल सीमारेषेवर आहे का?
• या निकालामुळे आमच्या रुग्णाच्या उपचारात काय बदलेल?

हा बदल गाठीच्या पेशींतील आहे. त्यावरून मुलांना किंवा भावंडांना हा आजार होईल, असा अर्थ काढू नये.