सिंदखेडचा राजवाडा आणि पुण्याचा वस्तुसंग्रह

चीनमधील जुन्या चौकघराला सिहेयुआन म्हणतात. मध्ये अंगण, त्याच्या चारही बाजूंना खोल्यांच्या रांगा आणि उत्तरेकडे दक्षिणाभिमुख मुख्य दालन, अशी त्याची परंपरागत मांडणी असते. मराठी मुलखातील वाड्याचा विचारही अंगणापासूनच सुरू होतो, कारण देवडी, म्हणजे दरवाजालगतची पहारेकऱ्यांची जागा, ओसरी, माजघर आणि कोठी ही सारी चौकाच्या आधाराने उभी राहतात. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवराव यांचा राजवाडा हे अशा वास्तूचे विदर्भातील सर्वांत मोलाचे उदाहरण होय. 12 जानेवारी 1598 रोजी लखुजींच्या कन्या आणि शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई यांचा जन्म येथेच झाला, असे मानले जाते.

लखुजी अहमदनगरच्या निजामशाहीचे मातब्बर सरदार होते आणि त्यांचे घराणे आपला संबंध देवगिरीच्या यादवांशी जोडत असे. 1629 मध्ये दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजी आणि त्यांचे पुत्र यांची हत्या झाली. पुढे घराण्याचा विस्तार होत गेला, आणि त्या कुळाच्या वावराची खूण म्हणून सिंदखेडप्रमाणेच देऊळगाव, आडगाव, किनगाव व मेहुणा या गावांच्या नावांमागेही आजवर ‘राजा’ हा शब्द लागतो. राजवाड्याचे भव्य दगडी प्रवेशद्वार, तटबंदी आणि तळघरे टिकून राहिली, परंतु ज्यामुळे वाडा राहते घर ठरतो त्या वस्तू, म्हणजे समया, पानदाने, अडकित्ते, झोपाळे, कोरीव चौकटी, त्यात उरल्या नाहीत. गावात रंगमहाल, काळाकोट, मोती तलाव आणि पुतळा बारव, म्हणजे पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरण्याची बांधीव विहीर, हे अवशेष पाहताना ही उणीव प्रकर्षाने जाणवते.

नेमक्या याच उणिवेवर पुण्यात एका माणसाने आयुष्य वेचले. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत आणि चष्म्यांचा व्यवसाय करीत. साधारण 1920 पासून त्यांनी जुन्या घरांतून वस्तू गोळा करण्यास आरंभ केला, पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली, आणि बालवयात वारलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी त्या संग्रहाचे संग्रहालय केले. शुक्रवार पेठेतील वाड्यात मांडलेला हा संग्रह वीस हजारांवर वस्तूंचा झाला आणि 1975 मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे सोपवण्यात आला. त्यात तलवारी आहेतच. परंतु दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, म्हणजे पायाच्या टाचा घासण्याची खरबरीत धातूची वस्तू, आणि कोरीव दरवाजे यांनाही मानाचे स्थान आहे, आणि केळकरांच्या दृष्टीचे थोरपण याच निवडीत दिसते. राजांच्या पराक्रमाचा इतिहास कागदपत्रांत सापडतो, पण माजघरातील स्त्रीच्या हातून दिवसातून अनेकदा फिरलेल्या वस्तूचा इतिहास त्या वस्तूखेरीज इतरत्र कुठेही नसतो. पहिल्या बाजीराव पेशव्यांची पत्नी मस्तानी हिच्या कोथरूड येथील महालाचे अवशेषही त्यांनी जपून संग्रहालयात पुन्हा उभारले.

असे असले तरी संग्रहात आलेली वस्तू आपल्या जागेपासून तुटते. एखादा कोरीव दरवाजा काचेपलीकडे सुरक्षित राहतो, परंतु तो कोणत्या गावाकडे उघडत होता हे पाहणाऱ्यास उमगत नाही. याउलट सिंदखेडला जागा आहे आणि वस्तू नाहीत, म्हणून तेथे गेलेल्या माणसाला जिजाबाईंच्या बालपणाचे घर मनातच सजवावे लागते.

तरीही तेथील जमीन पूर्णपणे रिकामी नाही. 2024 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे काम लखुजींच्या समाधीच्या परिसरात चालू असताना आधी दगडी मंदिराचा पाया आणि नंतर शेषशायी विष्णूची सुमारे 1.70 मीटर लांबीची मूर्ती सापडली. लखुजींच्या काळाच्याही आधीचे सिंदखेड त्या पायाने समोर आणले. राजवाड्याच्या चौकात अशा वस्तूंचे, जिल्ह्यातल्या जुन्या घरांतील अडकित्ते आणि समयांसह, एखादे स्थानिक दालन उभे राहिले, तर वाडा आणि वस्तू यांची ताटातूट संपण्याची संधी बुलढाण्याला मिळेल.