सारथ्याचे नाव

शर्यतीचा इतिहास म्हटला की मोटारींच्या शर्यती आणि त्यांतील चालकांची चरित्रे डोळ्यांपुढे येतात. फॉर्म्युला वनमध्ये नारायण कार्तिकेयन २००५ साली उतरला, ही नोंद सहज सापडते. अलिबाग परिसरातल्या किनाऱ्यांवर मात्र शर्यतीचे वाहन म्हणजे बैलगाडी. ओहोटीला उघडी पडणारी ओली, टणक वाळू हीच तिची धावपट्टी. ही गाडी हाकणाऱ्याचे चरित्र कुठे मिळते?

शर्यतीत नाव पुकारले जाते ते मालकाचे, गावाचे आणि बैलांचे. बक्षीस मालकाच्या घरी जाते, बैलांवर गुलाल उधळला जातो. ज्याच्या हाती कासरा असतो, त्याच्या वाट्याला गावकऱ्यांची आठवण तेवढी येते. पुणे जिल्ह्यातील घाटांत बैलगाडा हाकणाऱ्याविनाच धावतो, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. किनाऱ्यावर हाकणारा असतो, आणि तरीही तो नोंदीबाहेर राहतो.

आपल्या परंपरेत असे नव्हते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०२व्या सूक्तात बैल जुंपलेला रथ हाकणारी मुद्गलानी भेटते. ते वर्णन शर्यतीचे की युद्धाचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; पण सारथ्य करणाऱ्या त्या स्त्रीची ओळख सूक्ताने जपली आहे. पुढे ‘सूत’ या एकाच शब्दात रथ हाकणारा आणि कथा सांगणारा असे दोन्ही अर्थ सामावले. धृतराष्ट्राला युद्ध सांगणारा संजय सूत. नैमिषारण्यात महाभारत सांगणारा उग्रश्रवा सूतपुत्र. ज्या कुळाने रथ हाकले, त्याच कुळाने इतिहास सांगितला.

आधुनिक काळात शर्यतीची कथा न्यायालयात सांगितली गेली. २०११ साली केंद्र सरकारने प्रशिक्षण व प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. या बारा वर्षांत बैलाच्या वेदनेची बाजू प्राणिमित्रांनी मांडली, परंपरेची बाजू शासनाने आणि संघटनांनी. दोन्ही बाजू आवश्यकच होत्या. पण हाकणारा या वादात आला तो मुख्यतः काठी उगारणारा हात म्हणून.

तो हात निर्दोष होता, असे नव्हे. पराणीची टोच आणि शेपटीची पिळवटणूक त्याच हाताने केली. परंतु दोन बैलांची चाल एका लयीत आणणे, भरधाव गाडीत तोल सांभाळणे हेही त्याच हाताचे काम. इजा करणारे प्रत्येक साधन आता नियमबाह्य आहे. म्हणजे हाकणाऱ्यापाशी उरते ते केवळ कौशल्य. आणि नेमके त्याचेच वर्णन आपल्याकडे लिहिलेले नाही.

मौखिक इतिहास गोळा करणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी हे काम किनाऱ्यावर वाट पाहत आहे. बंदीच्या काळात उमेदीची वर्षे गमावलेले गाडीवान आता वयस्क होत आहेत. बैलाचे नाव स्मरणात ठेवणाऱ्या गावाला त्यांचे नाव विचारले, तर तेही सांगता येईल. विचारणारा मात्र हवा.