बिऱ्हाड, कोयता आणि खानेसुमारी

जनगणना हा शब्द सरकारी मराठीत रुळण्याआधी आपण खानेसुमारी म्हणत होतो. फारसीत 'खाना' म्हणजे घर आणि 'शुमार' म्हणजे मोजणी. दवाखाना, कारखाना, तोफखाना यांतला खाना तोच, आणि सुमारे, बेसुमार यांतला सुमारही तोच. पेशवाईतल्या कागदांतही गावोगावच्या खानेसुमाऱ्या सापडतात. इंग्रजांनी १८७२ मध्ये देशाची पहिली मोजदाद केली, १८८१ पासून ती सगळीकडे एकाच वेळी होऊ लागली, आणि मराठीनं तिला हेच जुनं नाव दिलं. सोबत शिरगणती हाही शब्द होता. एक शब्द घरं मोजतो, दुसरा डोकी. घर जागचं हलत नाही, डोकं हलतं. लोकसंख्येचे बहुतेक प्रश्न या दोन मोजण्यांच्या मधल्या फटीत आहेत, आणि त्या फटीतल्या माणसांसाठी मराठीनं वेळोवेळी शब्द घडवले आहेत.

आधी एका जागी राहणाऱ्यांचे शब्द पाहू. गावठाण म्हणजे ग्रामस्थान. ठाणे शहराचं नावही स्थानकावरून आलं. शिलाहारांच्या लेखांत ते श्रीस्थानक आहे. वतन हा अरबी शब्द मुळात मायभूमीचा. मराठीत त्याला पिढीजात हक्काचा अर्थ चिकटला. मिरास म्हणजे वारसा; ज्याची जमीन वारशाची तो मिरासदार. ज्याला असा हक्क नाही, जो बहुधा बाहेरून येऊन जमीन कसतो, तो उपरी. त्याच घरातला उपरा हा शब्द आजही अंगाला बोचतो. लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिलं, तेव्हा गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी समाजाचं जिणं मराठी वाचकांपुढे आलं.

दुष्काळ पडला, फौजा फिरल्या किंवा सारा डोईजड झाला की रयत परागंदा होई. फारसीत परागंदा म्हणजे विखुरलेला. आपण मात्र तो 'पळून गेलेला' अशा अर्थानं वापरतो आणि विखुरणाऱ्यावरच ठपका ठेवतो. उजाड गाव पुन्हा वसवायचं तर कौल द्यावा लागे: या, जमिनी लावा, सारा पहिल्या वर्षी थोडा, मग चढत्या दरानं. त्या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. माणसं जातात कशानं आणि परत येतात कशानं, हे त्या काळच्या कारकुनांना नेमकं ठाऊक होतं.

बिऱ्हाड हा माझ्या दृष्टीनं या सगळ्यांतला सर्वांत प्रामाणिक शब्द. जुन्या मराठीत तो बिढार असा आहे. पुढे अक्षरांची अदलाबदल होऊन बिऱ्हाड झाला. मूळ कानडी 'बिडार', म्हणजे मुक्काम, तळ. 'बिडु' या धातूचा अर्थ सोडणं असा आहे, आणि तमिळमधलं घर, 'वीडु', हेही त्याच कुळातलं. सोडणं आणि मुक्काम करणं या दोन्ही क्रिया एकाच मुळात नांदाव्यात, हे फिरत्या माणसाच्या अनुभवाशी किती जुळतं! बिऱ्हाड करणाऱ्यावर मराठी कसलाही ठपका ठेवत नाही.

मुंबईत १८५० च्या दशकात गिरण्या सुरू झाल्या आणि कोकणातल्या माणसांनी चाळींत बिऱ्हाडं केली. गावाकडे त्यांना नाव पडलं चाकरमानी. यातला चाकर फारसी आहे. हा शब्द कमीपणाचा वाटतो, म्हणून २०२५ च्या गणेशोत्सवाआधी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सरकारी कागदांत 'कोकणवासीय' लिहावं अशी सूचना केली. भावना चांगली आहे. पण चाकरमानी या शब्दात पिढ्यान्‌पिढ्यांची मनीऑर्डर आहे आणि गणपतीला गच्च भरलेली एसटी आहे. कोकणात न राहता कोकण चालवणाऱ्या माणसाचं ते नाव आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर उतरली, सिंधुदुर्गचीही घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. बाकीचे पुरुष कुठे होते ते चाकरमानी हा शब्दच सांगतो. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या घटली आणि ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर गेला. गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, आणि बिऱ्हाडं विरार, कल्याण, बदलापूरकडे सरकली.

मराठवाड्यात कामासाठी बाहेर जाणाऱ्यांची दुसरी परिभाषा आहे. तिच्यातला मुकादम हा शब्द पाहा. अरबीत मुकद्दम म्हणजे पुढे असलेला. शिवकाळात आणि पेशवाईत मोकदम म्हणजे गावचा पाटील, गाव राखणारा. आज बीड, धाराशिव, जालन्याकडे मुकादम म्हणजे गावातून ऊसतोडीला टोळी नेणारा. तो आधी पैसे देतो, ती उचल. उचल घेतली की हंगामभर अंग बांधलं गेलं. आणि कोयता हे आता नुसतं हत्यार राहिलेलं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. दसरा-दिवाळीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, सरपण, शेळी आणि लेकरं भरून टोळी निघते आणि उसाच्या फडाजवळ कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. तो ऊस तोडतो. ती पाचट काढते, वाढ्यानं मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात.

मोजणीचं एकक जोडपं असेल, तर लग्न ही कामाची अट होते. मुलीचं लग्न लवकर लागतं, मूल लवकर होतं, आणि कोपीत ठेवण्यापेक्षा पुढच्या मुलीचंही उरकून टाकावं असं आईबापांना वाटतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. जन्म आणि स्थलांतर हे पाठ्यपुस्तकात वेगवेगळे धडे असतात. फडावर ते एकाच बाईच्या अंगावर येतात.

या देशात सर्वांत जास्त घर बदललं आहे ते बायकांनी. जनगणनेत स्थलांतराचं कारण विचारतात आणि त्यात सर्वांत मोठं कारण दर वेळी विवाह हेच निघतं. मराठीत मात्र त्या बाईला कुणी स्थलांतरित म्हणत नाही. ती सासुरवाशीण. सासर आलं श्वशुरावरून, माहेर मातृगृहावरून. एक सासऱ्याचं, दुसरं आईचं. तिच्या स्वतःच्या घरासाठी या जोडीत तिसरा शब्द नाही.

जन्माचे शब्दही बदलले. मुलं हाताशी राहत नसत त्या काळी 'अष्टपुत्रा भव' हा आशीर्वाद होता. १९२१ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून त्या शब्दासाठी समाजाचा रोष पत्करला. स्वतंत्र भारतानं १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हाती घेतलं. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीनंतर या कामाला तोंड दाखवायला जागा उरली नाही, तेव्हा १९७७ मध्ये त्याचं कुटुंबकल्याण झालं. पण खेड्यातल्या बाईनं यांतला कुठलाच शब्द उचलला नाही. ती 'ऑपरेशन केलं' म्हणते, आणि ते बहुतेक वेळा तिनंच केलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये बाईमागे सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ मध्ये १.७. जन्म इतके कमी झाल्यावर कुठला तालुका फुगणार आणि कुठला रिता होणार, यात येण्याजाण्याचा वाटा मोठा होत जातो.

म्हणून स्थलांतर या शब्दाकडे पुन्हा पाहायला हवं. भाषांतर, धर्मांतर यांसारखाच तो बनला आहे. इथं 'अंतर' म्हणजे दुसरं. एक स्थळ सुटलं, दुसरं धरलं, एवढंच तो सांगतो. परतीचा प्रवास त्यात नाही. ऊसतोड कामगार मात्र दरवर्षी जातो आणि दरवर्षी परततो. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन हंगामात, माणसं कोप्यांत असताना. येत्या जनगणनेची संदर्भ तारीखही १ मार्च २०२७ आहे. ही माणसं जिथं सापडतील तिथं मोजली जातील, आणि दरवर्षीची फेरी त्या एका आकड्यात दिसणार नाही.

बीडचा माणूस 'स्थलांतर केलं' म्हणत नाही, 'जगायला गेलो' म्हणतो. आपल्या अधिकाऱ्यांनी, पत्रकारांनी आणि अर्थशास्त्राच्या मास्तरांनी त्याच भाषेत प्रश्न विचारावेत. वर्षातले किती महिने बाहेर असता? उचल किती घेतली? लेकरांची शाळा कुठे? रेशन कुठे मिळतं? या उत्तरांची नोंद प्रत्येक ग्रामपंचायतीनं दसऱ्याआधी केली, तर टोळी पोचण्याआधी फडावर शाळा, दवाखाना आणि धान्य पोचवता येईल. खानेसुमारीनं घरं पुरेशी मोजली आहेत. आता बिऱ्हाडं मोजली पाहिजेत.