कातडीत थांबणारा फवारा

हिंजवडी म्हटलं की पुणेकराला आयटी कंपन्या आणि संध्याकाळची वाहतूक आठवते. पण महसुली हिशोबाने हे गाव मुळशी तालुक्यातलं, आणि तिथल्या आयटी-बीटी पार्कात जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही एम्क्युअर समूहातली कंपनी आहे. जून 2023 मध्ये तिच्या ‘जेमकोव्हॅक-ओएम’ या ओमिक्रॉनविरोधी लसीला भारताच्या औषध महानियंत्रकांनी तातडीच्या वापराची परवानगी दिली. ही लस सुईने देत नाहीत. हातात मावणारं एक यंत्र दंडावर काटकोनात टेकवायचं आणि कळ दाबायची. आतली स्प्रिंग सुटते आणि एक दशांश मिलिलिटर द्रव अतिशय बारीक झोताने कातडीत शिरून तिथेच पसरतो.

या झोताची वंशावळ दीडशेहून अधिक वर्षं मागे जाते, आणि ती मांडताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कातडी भेदण्याचा जोर माणसाला फार लवकर सापडला. भेदल्यावर नेमकं कुठे थांबायचं, आणि एकाच्या अंगातलं दुसऱ्याच्या अंगात कसं जाऊ द्यायचं नाही, हे शिकण्यात बाकीचा सगळा काळ गेला.

नुसता फवारा कातडीवर मारून भागलं असतं तर ही कहाणी घडलीच नसती. आपल्या त्वचेच्या अगदी वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. जाडी जेमतेम दहा-वीस मायक्रॉन, पण पेशींमधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात. लहान, तेलात विरघळणारे रेणू त्यातून झिरपतात. निकोटिनचा पॅच आणि इस्ट्रोजेन संप्रेरकाचा हातावर मारायचा फवारा यामुळेच काम करतात. बॉस आणि माइनार्डी या नेदरलँड्सच्या संशोधकांनी 2000 साली एक ठोकताळा मांडला, तो असा की रेणूचं वजन सुमारे 500 डाल्टनच्या पुढे गेलं की धडधाकट कातडी त्याला आत घेत नाही. इन्सुलिन हे प्रथिनांमधलं लहानखुरं, तरी त्याचं वजन 5,800 डाल्टनच्या आसपास भरतं. प्रतिपिंडं तर दीड लाखाच्या घरात. म्हणून प्रथिनाचा फवारा भाजलेल्या किंवा उघड्या जखमेवर उपयोगी पडतो. शल्यचिकित्सक फायब्रिनचा गोंद असाच फवारतात. शाबूत कातडीवर मात्र तो दवासारखा वाळून जातो.

पॅरिसमध्ये 1850 च्या दशकात झां साल-जिरों नावाचे डॉक्टर होते. औषधी झऱ्यांच्या पाण्यावर उपचार हा त्यांचा विषय. रुग्णांना ते पाणी श्वासातून देता यावं म्हणून त्यांनी 1858 साली पाण्याचे तुषार करणारं, सोबत नेता येईल असं यंत्र बनवलं. आज दम्याच्या मुलाला आपण नेब्युलायझर लावतो, त्याचा हा पूर्वज. पुढे 1866 च्या डिसेंबरमध्ये याच साल-जिरोंचं दुसरं यंत्र पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे ठेवलं गेलं. त्यात पाणी पंपाने दाबून बारीक छिद्रातून सोडायचं, की ते थेट कातडीत घुसे. धातूच्या सुईची सिरिंज तेव्हा फक्त तेरा वर्षांची होती. म्हणजे श्वासातून जाणारे तुषार आणि कातडीतून जाणारा झोत या दोन्ही शाखा एकाच माणसाच्या हातून फुटल्या. वैद्यकाच्या इतिहासात त्याचं नाव क्वचितच निघतं, ही मला अन्यायाची गोष्ट वाटते.

त्यानंतर हे यंत्र विस्मरणात गेलं. सुई स्वस्त होती, साधी होती. झोताची पुन्हा आठवण करून दिली ती कारखान्यांतल्या अपघातांनी. 1920 नंतर डिझेल इंजिनं वाढली. त्यांच्या नोझलमधून इंधन प्रचंड दाबाने, धुक्यासारखं बारीक होऊन बाहेर पडतं. नोझल तपासताना कामगाराचं बोट समोर आलं तर तेल थेट आत शिरतं. अशा इजेची नोंद 1937 मध्ये वैद्यकीय साहित्यात झाली. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमधल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवं. वरून टाचणी टोचल्याएवढं छिद्र दिसतं, दुखतही नाही फारसं, पण तेल आत पसरत जाऊन बोट गमावण्याची वेळ येते. अशा वेळी मलमपट्टी करून घरी न जाता शल्यचिकित्सकाकडेच धाव घ्यायची.

अमेरिकेत आर्नॉल्ड सुटरमायस्टर या अभियंत्याने 1935 च्या सुमारास अशीच एका कामगाराच्या हाताची इजा पाहिली आणि त्यात त्याला औषध देण्याची वाट दिसली. मार्शल लॉकहार्टने या कल्पनेचं पेटंट मागितलं. भूलतज्ज्ञ रॉबर्ट हिंगसन यांनी 1947 मध्ये ‘हायपोस्प्रे’चे रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे आरन इस्माख यांनी पायाने दाब भरायचं ‘पेड-ओ-जेट’ बनवलं. विजेची गरज नाही, एका तासात हजाराच्या घरात माणसं. पश्चिम आफ्रिकेतल्या देवी निर्मूलनात ते गावोगाव फिरलं. आपल्याकडे या मोहिमेत फिरत्या दातेरी चकतीची टोचणी आणि नंतर दोन टोकांची सुई चालली. आजच्या आजी-आजोबांच्या दंडावर जे गोल वण आहेत, ते त्या काळाचे. देवीची लस भारतात पहिल्यांदा यशस्वी टोचली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तिथून हातोहात, एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, ती पुण्याकडे आली.

दंडावरून दंडावर जाणाऱ्या या साखळीतला धोका पेड-ओ-जेटच्या वंशातही उतरला. यंत्राचं एकच तोंड शेकडो अंगांना टेकत होतं. झोत कातडीवर आदळला की त्याचा थोडा अंश उलट उसळतो, आणि त्यासोबत डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही तोंडावर येतो. लॉस एंजेलिसमधल्या वजन घटवण्याच्या एका दवाखान्यात 1984-85 मध्ये रुग्णांना एचसीजी हे प्रथिन-संप्रेरक जेट यंत्राने दिलं जात होतं, आणि तिथे हिपॅटायटिस बी ची साथ पसरली. फक्त सिरिंजने औषध घेतलेल्यांत लागण नव्हती. यंत्र बंद केलं, साथ थांबली. अमेरिकी लष्कराने 1997 मध्ये अशी यंत्रं वापरणं सोडलं.

मला या साथीचं महत्त्व देवी निर्मूलनातल्या यशापेक्षाही जास्त वाटतं. झोताने प्रथिन आत जातं हे सिद्ध होऊन चार दशकं झाली होती. प्रश्न तोंडाच्या स्वच्छतेचा होता आणि खोलीचा होता. ही यंत्रं द्रव कातडीखाली, कधी स्नायूपर्यंत ढकलत. त्यामुळे दुखे, काळंनिळं पडे, रक्त येई. मधुमेह्यांसाठी घरगुती जेट यंत्रंही बाजारात आली, पण सुईला कंटाळलेला माणूस यंत्रालाही तितकाच कंटाळला.

खोल जायची गरजच काय, हा प्रश्न विचारायचा आधार मात्र जुनाच होता. पॉल लांगरहान्स या बर्लिनच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने 1868 मध्ये कातडीत फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या. त्याला त्या मज्जापेशी वाटल्या. शंभर वर्षांनी कळलं की त्या शरीराच्या राखणदार आहेत, बाहेरचं काही आलं की प्रतिकारयंत्रणेला वर्दी देणाऱ्या. याच लांगरहान्सने पुढच्या वर्षी स्वादुपिंडातली ती बेटं नोंदवली, जिथे इन्सुलिन तयार होतं. कातडीत असा पहारा असल्याने लस स्नायूऐवजी कातडीत दिली तर थोडक्यात भागतं. कुत्रा चावल्यावर पौडच्या सरकारी दवाखान्यात गेलेल्या माणसाला हे ठाऊक नसलं तरी त्याच्या दंडाने ते अनुभवलेलं असतं. रेबीजची लस कातडीत, दोन जागी 0.1 मिलिलिटर देण्याच्या पद्धतीला भारताने 2006 मध्ये मान्यता दिली.

इथे वंशावळीत एक मराठी नाव येतं. समीर मित्रगोत्री माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, रसायन अभियांत्रिकी शिकले आणि एमआयटीत गेले. 1995 मध्ये त्यांनी डॅनियल ब्लँकश्टाइन आणि रॉबर्ट लँगर यांच्यासोबत ‘सायन्स’मध्ये दाखवलं की कमी कंपनसंख्येच्या अल्ट्रासाउंडने कातडीचा वरचा थर तात्पुरता सैल करता येतो आणि इन्सुलिन, इंटरफेरॉन, अगदी एरिथ्रोपोएटिनसारखं मोठं प्रथिनही आरपार जातं. 500 डाल्टनच्या भिंतीत पाडलेलं ते मोठं खिंडार होतं.

पण मला त्यांचं 2007 चं काम अधिक आवडतं. त्यांच्या गटाने झोताचे तुकडे केले. एका ठोक्याला 2 ते 15 नॅनोलिटर, धारेची जाडी 50 ते 100 मायक्रॉन, वेग सेकंदाला 100 मीटरहून जास्त, आणि असे ठोके एकामागून एक. वेगामुळे कातडी भेदली जाते, पण प्रत्येक ठोक्यातला द्रव इतका थोडा की तो 200 मायक्रॉनच्या आसपास दम टाकतो. तिथवर वेदनेच्या नसा आणि रक्तवाहिन्या विरळ असतात. उंदरांमध्ये इन्सुलिनची औषधी मात्रा अशी पोचली.

सेकंदाला शंभर मीटर हा वेग मुळशीकरांना परका नाही. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या कड्याखाली भिऱ्याला उतरतं, तेव्हा सुमारे अर्धा किलोमीटर उंचीचा दाब त्याच्या मागे असतो. वीजघरातल्या पेल्टन चाकांवर ते नोझलमधून जवळपास याच वेगाने आदळतं. ज्या पाण्यासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि 1921 मध्ये सत्याग्रह उभा राहिला, ते हे पाणी. तिथे वेगासोबत वस्तुमानही अफाट असतं. कातडीसाठी वेग तोच ठेवून वस्तुमान जवळजवळ शून्यावर आणावं लागतं. मित्रगोत्रींच्या कामाचं मर्म मला इथे दिसतं.

साल-जिरोंच्या दुसऱ्या शाखेचा, श्वासातल्या तुषारांचा, मोठा प्रयोग याच पुणे जिल्ह्यात झाला. केईएम रुग्णालयाचे डॉ. आशिष बावडेकर आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या 2,004 बाळांवर गोवराची लस तुषारांतून आणि सुईने देऊन तुलना केली. सुईने 94.6 टक्के बाळांत प्रतिपिंडं दिसली, तुषारांनी 85.4 टक्के. 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुषार सुरक्षित होते, पण सुईच्या बरोबरीला आले नाहीत. रडणाऱ्या बाळाने किती ओढलं, किती बाहेर गेलं, यावर नियंत्रण राहत नाही. कातडीची जागा मात्र ठरलेली असते, मात्रा मोजता येते.

हिंजवडीचं वेगळेपण इथे आहे. जेनोव्हाचा मूळ धंदा प्रथिनांचाच. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज ती बनवते, आणि ते शिरेतूनच द्यावं लागतं. लसीत मात्र तिने प्रथिन दिलंच नाही, प्रथिन बनवण्याचा संदेश, म्हणजे आरएनए, दिला. हा आरएनए पेशीत गेल्यावर स्वतःच्या प्रती काढतो, त्यामुळे थोडा पुरतो. अशा प्रकारच्या लसीला माणसांसाठी जगातली पहिली परवानगी मिळाली ती याच कंपनीला. आधी 2021 मध्ये गुजरातच्या झायडसच्या डीएनए लसीला परवानगी मिळाली होती, तीही याच ‘ट्रॉपिस’ यंत्राने द्यायची. अमेरिकेतल्या फार्माजेटच्या या यंत्रात द्रव भरलेली नळी एकदाच वापरता येते, दुसऱ्यांदा भरताच येत नाही. लॉस एंजेलिसचा धडा यंत्राच्या रचनेतच घातलेला आहे. शिवाय लस गोठवून वाळवलेली, म्हणून 2 ते 8 अंशांवर, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साध्या फ्रीजमध्ये टिकणारी. कोविशील्डशी तुलना करणाऱ्या चाचणीत तिचा ओमिक्रॉनविरुद्धचा प्रतिसाद सरस ठरला. साथ तोवर ओसरली होती, पण पद्धत हाती आली.

प्रथिन थेट झोताने देण्याचं कामही थांबलेलं नाही. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागात विरेन मेनेझिस यांच्या गटाने दाबाखालच्या नायट्रोजनने आघात-लहर तयार करून 125 मायक्रॉन छिद्रातून औषध सोडणारी ‘शॉक सिरिंज’ केली. मधुमेही उंदरांमध्ये तिने दिलेल्या इन्सुलिनने साखर सुईपेक्षा जास्त वेळ आटोक्यात राहिली. माणसाला दिवसातून तीन-चारदा, वर्षानुवर्षं एकाच पोटावर आणि मांडीवर हे सोसेल का, याची कसोटी पुढची आहे.

माझ्या मते मुळशीसारख्या तालुक्यात ट्रॉपिस यंत्रावर पहिला हक्क पोलिओच्या इंजेक्शनचा आहे. 2016 पासून देशात बाळाला दीड आणि साडेतीन महिन्यांवर, आणि 2023 पासून नवव्या महिन्यातही, ही लस 0.1 मिलिलिटर कातडीत दिली जाते. सुई जवळजवळ आडवी धरायची, भोक वर, आणि कातडीवर छोटा फुगा उठला पाहिजे. बाळ हात झटकतं, सुई जराशी खोल जाते, फुगा उठत नाही. पाकिस्तानने पोलिओच्या मोहिमांत याच ट्रॉपिसचा वापर केला आहे. आपल्याकडे नर्सबाई व्हॅक्सिन कॅरियर घेऊन ताम्हिणीकडच्या वाड्यांवर जाते तेव्हा तिच्या हातात अजून सुईच असते. यंत्र आणि दर डोसची नळी साध्या सिरिंजपेक्षा महाग पडते, हे खरं आहे. पण खरेदीचा हिशोब मांडताना नुसती सिरिंजची किंमत धरून चालणार नाही. चुकीच्या खोलीत गेलेल्या डोसची आणि त्या बाळाला अर्धवट मिळालेल्या संरक्षणाची किंमतही त्यात धरावी लागेल.