इंजिनावर बंदी, आणि त्यातून घडलेले वैमानिक

१९१९ च्या व्हर्साय तहाने जर्मनीला हवाई दल बाळगण्यास मनाई केली. पुढील काही वर्षे इंजिनाची विमाने बांधण्यावरही कडक बंधने होती. ग्लायडरकडे मात्र कोणी फारशा गांभीर्याने पाहिले नाही. या दुर्लक्षातून काय उभे राहिले, त्याची ही हकीकत.

१९२० मध्ये ऱ्होन पर्वतातील वासरकुप्पे या ९५० मीटर उंचीच्या उघड्या डोंगरमाथ्यावर ऑस्कर उर्सिनुस यांच्या पुढाकाराने ग्लायडरची स्पर्धा भरली. ऑगस्ट १९२२ मध्ये तेथील एक उड्डाण तीन तासांहून अधिक काळ टिकले. इंजिन नसताना!

ग्लायडरच्या वैमानिकाकडे एकच पुंजी असते, ती म्हणजे उंची. ती वाया गेली तर भरून काढायला इंजिन नसते, आणि मैदान हुकले तर पुन्हा फेरी मारता येत नाही. म्हणून वारा, उरलेली उंची आणि मैदानाचे अंतर यांचा हिशेब त्याच्या डोक्यात अखंड चालू असतो. इंजिनाच्या विमानावर शिकलेल्याला ही सवय लागेलच असे नाही. अंदाज चुकला, तर त्याला थ्रॉटल पुढे सारता येतो.

याच डोंगरावर अलेक्झांडर लिपिश हा तरुण रचनाकार शेपटीविना उडणाऱ्या ग्लायडरचे प्रयोग करीत होता. १९३३ नंतर नाझी राजवटीने हा छंदही आपल्या दावणीला बांधला. पुढे लिपिशच्या रचनेतून मेसरश्मिट १६३ ‘कोमेट’ हे रॉकेट-विमान जन्मले.

ते चालवले हाइनी डिटमारने. १९३७ ची ग्लायडिंगची पहिली जागतिक स्पर्धा त्यानेच जिंकली होती. २ ऑक्टोबर १९४१ रोजी दुसऱ्या विमानाने कोमेटला सुमारे ४,००० मीटर उंचीवर ओढत नेले. तेथे रॉकेट पेटवून डिटमारने ताशी १,००० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. युद्धामुळे हा विक्रम गुप्त राहिला.

जगातील सर्वांत वेगवान विमानासाठी ग्लायडरचा वैमानिक का? कोमेटचे इंधन जेमतेम सात-आठ मिनिटांत संपे. चाकांची गाडी उड्डाणानंतर खाली टाकून दिलेली असे. परतीचा सारा प्रवास इंजिनाविना, आणि उतरायचे पोटाखालच्या घसरपट्टीवर, पहिल्याच प्रयत्नात. टाकीत थोडे इंधन उरले असेल, तर जोराच्या आदळीने स्फोट होण्याचा धोका.

त्यामुळे कोमेटचे शिक्षण ग्लायडरवरच सुरू होई. ‘हाबिष्ट’ म्हणजे बाज पक्षी. या नावाच्या ग्लायडरचा १३.६ मीटरचा पंखविस्तार छाटून आधी ८ आणि नंतर ६ मीटर करण्यात आला. पंख जितके आखूड, तितका उतरण्याचा वेग जास्त. या थोट्या बाजावर हात बसला की इंजिन बंद ठेवलेले कोमेट दुसऱ्या विमानामागे बांधून वर नेत. ही पायरी-पायरीने रचलेली शिकवण त्या साऱ्या प्रकल्पातील कदाचित सर्वांत शहाणी गोष्ट होती.

तरीही कौशल्याला मर्यादा होत्या. ग्लायडरवर विक्रम करणारी हान्ना राइच ऑक्टोबर १९४२ मध्ये इंजिन न पेटवता कोमेटची चाचणी घेत होती. चाकांची गाडी सुटलीच नाही. उतरताना विमान आदळले, तिची कवटी फुटली आणि कित्येक महिने तिला रुग्णालयात काढावे लागले.

१९४४ मध्ये कोमेट लढाईत उतरले. चढताना त्याला गाठणे शत्रूला जवळजवळ अशक्य होते. परंतु इंधन संपताच ते पुन्हा ग्लायडर होई, आणि त्याला ठरलेल्या धावपट्टीकडेच यावे लागे. मित्रराष्ट्रांच्या वैमानिकांनी हे लवकरच हेरले. ते कोमेटचा पाठलाग करीत बसले नाहीत. त्याच्या तळाच्या आसपास घिरट्या घालत थांबू लागले.