लिस्बनमधील अल्पमुदतीच्या पर्यटक-निवासांची बाजारपेठ : एक ऐतिहासिक अभ्यास (१९४८ ते २०२४)

प्रस्तावना :

पोर्तुगालची राजधानी लिस्बन ही १९६१ पर्यंत गोव्याच्या कारभाराची सूत्रे हलविणारी नगरी म्हणून मराठी वाचकास परिचित आहे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हीच नगरी वेगळ्या कारणाने युरोपात चर्चेचा विषय ठरली. आल्फामा, मोरारिया, बैरू आल्तू यांसारख्या जुन्या वस्त्यांतील राहती घरे दिवसांच्या हिशेबाने पर्यटकांना भाड्याने देण्याचा व्यवसाय तेथे अल्पावधीत फोफावला. या व्यवसायाला पोर्तुगीज कायद्यात ‘आलोझामेन्तु लोकाल’, म्हणजे ‘स्थानिक निवास’, अशी संज्ञा आहे.

या वाढीचे श्रेय अथवा दोष सामान्यतः इंटरनेटवरील आरक्षण-सेवांना दिला जातो. सान फ्रान्सिस्को येथे २००८ मध्ये स्थापन झालेल्या एअरबीएनबी या कंपनीचे नाव त्यात अग्रभागी असते. तथापि तंत्रज्ञानाने ग्राहक आणि घरमालक यांची गाठ घालून दिली, एवढेच खरे. घरे मोकळी कशी झाली आणि ती पर्यटकालाच देणे मालकास लाभदायक का वाटले, या प्रश्नांची उत्तरे तंत्रज्ञानात नव्हे, तर भाडेकायद्यांच्या व करधोरणाच्या इतिहासात सापडतात. प्रस्तुत निबंधात हीच बाजू मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) लिस्बनमधील भाडेनियंत्रणाचा जुन्या वस्त्यांवर झालेला परिणाम पाहणे.
२) २०१२ ते २०१४ या काळातील कायदेशीर बदल आणि पर्यटक-निवासांची वाढ यांचा संबंध तपासणे.
३) या बाजारपेठेच्या कामगिरीचे मोजमाप आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे.
४) २०१८ नंतरच्या नियंत्रणाचा आढावा घेणे.

गोठविलेली भाडी आणि ओस पडणारे शहर :

पोर्तुगालमध्ये १९१० च्या प्रजासत्ताक क्रांतीनंतर लगेचच घरभाड्यांवर निर्बंध आले. परंतु लिस्बनच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो सालाझार राजवटीतील १९४८ चा कायदा. त्यानुसार लिस्बन व पोर्तू या दोन शहरांत भाडेवाढीसाठी होणारे घरांचे फेरमूल्यांकन थांबविण्यात आले. एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर भाडी गोठविण्याचे धोरण देशभर लागू झाले. १९८५ मध्ये वार्षिक वाढीस वाट मिळाली आणि १९९० च्या कायद्याने नव्या करारांना मुदतीची मर्यादा घालण्याची मुभा दिली. जुने करार मात्र बव्हंशी पूर्वीच्याच संरक्षणाखाली राहिले.

या धोरणाचा परिणाम दुहेरी होता. एकीकडे अल्प उत्पन्नाच्या, विशेषतः वृद्ध भाडेकरूंना शहराच्या मध्यभागी आयुष्यभराचा निवारा लाभला. दुसरीकडे अत्यल्प भाड्यातून दुरुस्तीचा खर्चही निघत नसल्याने मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. भाडेकरू निवर्तल्यावर घर पुन्हा भाड्याने देण्यापेक्षा ते कुलूपबंद ठेवणे मालकांना सोयीचे वाटे. तरुण कुटुंबे कर्ज काढून उपनगरांत घरे घेऊ लागली. १९८१ च्या जनगणनेत लिस्बन नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ८ लाख ८ हजार होती. २००१ मध्ये ती सुमारे ५ लाख ६५ हजारांवर आली. २०११ च्या गणनेत शहरातील सुमारे ५० हजार घरे रिकामी आढळली.

येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. लिस्बनचा मध्यभाग पर्यटकांमुळे प्रथम ओस पडला नाही. पर्यटक मोठ्या संख्येने येण्यापूर्वीच तो ओस पडू लागला होता. मात्र जे रहिवासी तेथे टिकून होते, ते प्रामुख्याने जुन्या करारांच्या आधाराने टिकून होते.

संकटकाळातील कायदे (२०११ ते २०१४) :

मे २०११ मध्ये आर्थिक संकटात सापडलेल्या पोर्तुगालने युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याशी ७८ अब्ज युरोंच्या साहाय्याचा करार केला. घरभाड्याच्या कायद्यात सुधारणा ही त्यातील एक अट होती. त्यानुसार २०१२ चा ३१ वा कायदा संमत झाला. १९९० पूर्वीचे करार नव्या व्यवस्थेत आणण्याचा मार्ग त्याने खुला केला, इमारतीच्या मोठ्या नूतनीकरणासाठी करार संपविणे मालकास सुलभ केले आणि घर रिकामे करून घेण्याची प्रक्रिया वेगवान केली. ६५ वर्षांवरील तसेच अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंना संक्रमणकाळाचे संरक्षण होते. परंतु ते कायमचे नव्हते.

त्याच वर्षी पाच लाख युरोंची स्थावर मालमत्ता खरेदी करणाऱ्या परदेशी गुंतवणूकदारास निवास-परवाना देणारी ‘गोल्डन व्हिसा’ योजना सुरू झाली. विमानप्रवासही झपाट्याने वाढला. लिस्बन विमानतळावरील प्रवाशांची वार्षिक संख्या २०१२ मध्ये सुमारे १ कोटी ५३ लाख होती. २०१९ मध्ये ती ३ कोटी ११ लाखांच्या पुढे गेली.

‘स्थानिक निवास’ ही संज्ञा २००८ च्या पर्यटनविषयक अध्यादेशात प्रथम आली. हॉटेलच्या निकषांत न बसणाऱ्या निवासांसाठी केलेली ती एक गौण वर्गवारी होती. ऑगस्ट २०१४ च्या १२८ व्या अध्यादेशाने तिला स्वतंत्र दर्जा दिला. परवान्यासाठी वाट पाहण्याऐवजी मालकाने पूर्वसूचना देऊन नोंदणी क्रमांक घ्यावा आणि व्यवसाय सुरू करावा, अशी सुटसुटीत पद्धत रूढ झाली. करआकारणीही अनुकूल होती. सरलीकृत करपद्धतीत अशा निवासातून मिळालेल्या रकमेच्या केवळ १५ टक्के भाग करपात्र धरला जाई. नेहमीच्या घरभाड्याच्या निव्वळ उत्पन्नावर मात्र सर्वसाधारणपणे २८ टक्के कर होता. २०१७ मध्ये सदनिकांसाठी हे १५ टक्क्यांचे प्रमाण ३५ टक्क्यांवर नेण्यात आले. तोपर्यंत बाजारपेठेने मूळ धरले होते.

कामगिरीचे मोजमाप आणि त्याच्या मर्यादा :

या व्यवसायाची कामगिरी मोजण्याची परिमाणे हॉटेल-व्यवसायातून आली आहेत. उपलब्ध रात्रींपैकी किती रात्री घर भरले, प्रत्येक आरक्षित रात्रीमागे सरासरी दर किती मिळाला आणि एकूण उपलब्ध रात्रींवर विभागता उत्पन्न किती पडले, ही ती तीन परिमाणे होत. उदाहरणादाखल, एखादे घर महिन्याच्या ३० रात्रींपैकी २० रात्री ९० युरो दराने भरले, तर एकूण प्राप्ती १,८०० युरो होते आणि दर उपलब्ध रात्रीमागे ६० युरो पडतात. तेच घर कुटुंबास महिना ९०० युरोंनी दिले असेल, तर प्राप्ती त्याच्या निम्मी राहते. स्वच्छता, कपडे धुलाई, आरक्षण-सेवेचे शुल्क व व्यवस्थापकाचा मोबदला वजा करावा लागतो. तरीही उन्हाळी हंगामात पारडे पर्यटकाकडे झुकते. शिवाय मालकास घर हवे तेव्हा मोकळे मिळते. दशकानुदशके गोठलेल्या भाड्यांचा अनुभव घेतलेल्या मालकवर्गास या शेवटच्या बाबीचे आकर्षण विशेष असणे स्वाभाविक होते.

ही परिमाणे घराकडे केवळ खोली म्हणून पाहतात. घरातून पूर्वी कोण गेले, शेजारची किराणा व भाजीची दुकाने का बंद झाली, जिन्यातील वृद्धेस रात्री-अपरात्री सामानाच्या चाकांचा आवाज किती सहन करावा लागतो, यांची नोंद त्यांत होत नाही. दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. याच उत्पन्नातून मोडकळीस आलेल्या अनेक इमारतींचे नूतनीकरण झाले आणि मंदीच्या काळात रोजगार गमावलेल्या काही कुटुंबांस एखाद्या घराच्या आधारे उपजीविका मिळाली. अधिकृत नोंदणीचा आकडाही सावधपणे वापरावा लागतो; कारण व्यवसाय बंद पडल्यावरही अनेक नोंदी कागदोपत्री कायम राहत.

नियंत्रणाची आवर्तने :

२०१८ च्या ६२ व्या कायद्याने नगरपालिकांना ‘प्रतिबंधित क्षेत्रे’ ठरविण्याचा अधिकार दिला. त्याच वर्षअखेरीस लिस्बन नगरपालिकेने बैरू आल्तू, मद्रागोआ, कास्तेलू, आल्फामा व मोरारिया या भागांतील नवी नोंदणी थांबविली आणि २०१९ मध्ये निर्बंधांची व्याप्ती वाढविली. पर्यटक-निवासांचे एकूण राहत्या घरांशी असलेले प्रमाण हा निर्बंधांचा आधार मानण्यात आला. हा विचार महत्त्वाचा होता. कारण त्यामुळे ‘घर किती कमावते’ या प्रश्नाच्या जोडीला ‘वस्तीत घरे किती उरली’ हा प्रश्न शासकीय मोजमापात आला. तथापि आधीच्या नोंदण्या अबाधित राहिल्या.

मार्च २०२० मध्ये कोविड महासाथीमुळे पर्यटन ठप्प झाले. नगरपालिकेने रिकामी पर्यटक-निवासे स्वतः भाड्याने घेऊन रहिवाशांना परवडणाऱ्या दरात देण्याची योजना आखली. मालकांचा प्रतिसाद मर्यादित राहिला. उत्पन्न शून्यावर आले असतानाही बहुसंख्य मालकांनी पर्यटक परतण्याची वाट पाहणे पसंत केले, ही बाब बोलकी आहे.

मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवासी वापरासाठी नोंदलेल्या सदनिकेत असा व्यवसाय करता येणार नाही, असा निर्णय दिला. ऑक्टोबर २०२३ च्या ५६ व्या कायद्याने शहरी भागांतील सदनिकांची नवी नोंदणी स्थगित केली, विशेष अंशदान लादले आणि मालमत्ता-खरेदीद्वारे मिळणारा गोल्डन व्हिसा बंद केला. २०२४ मध्ये सत्तांतर झाले. नव्या सरकारने अंशदान रद्द केले आणि ऑक्टोबर २०२४ च्या ७६ व्या अध्यादेशाने स्थगिती उठवून निर्णयाचा अधिकार पुन्हा नगरपालिकांकडे सोपविला. निवासी सदनिकेतील अशा व्यवसायास विरोधी वापर मानू नये, अशी तरतूदही त्यात केली.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, लिस्बनमधील पर्यटक-निवासांची बाजारपेठ ही तंत्रज्ञानाची एकाएकी झालेली निर्मिती नव्हती. १९४८ पासून गोठलेल्या भाड्यांनी घरे जीर्ण व रिकामी केली, २०१२ च्या कायद्याने उरलेल्या भाडेकरूंचे कवच सैल केले आणि २०१४ च्या अध्यादेशाने व करसवलतीने त्या घरांना नवा ग्राहक दाखविला. भाडी गोठविणाऱ्या शासनाने घरांची डागडुजी कोणी करावी, हा प्रश्न अनुत्तरित ठेवला. ती मुक्त करणाऱ्या शासनाने भाडेकरूने जावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. अल्पमुदतीच्या निवासांनी पहिला प्रश्न काही अंशी सोडविला आणि दुसरा अधिक तीव्र केला. नियंत्रण आले तेव्हा ते नव्या नोंदणीपुरते राहिले. गेलेला रहिवासी त्यामुळे परतला नाही. म्हणून अशा बाजारपेठेची कामगिरी तपासताना भरलेल्या रात्रींबरोबरच वस्तीत टिकून राहिलेल्या कुटुंबांचीही गणना होणे इतिहासाच्या दृष्टीने अगत्याचे ठरते.